खुशाल जा

होयबांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कुणी ऐकला असेल तर त्यानं पुढे यावं. एका मोठ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर त्यांचा जन्म गेला आणि तिथला पहिला धडाच असा होता, की पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. खोली शिल्लक नसली तर ‘बघतो साहेब, आपण बसा ना, काही थंड मागवू?’ म्हणायचं. पाहुण्याचा हरवलेला चष्मा सापडायची आशा सुटली तरी ‘शोधतोच आहोत’ म्हणायचं. बाकीची माणसं संध्याकाळी टाय सोडताना हा धडाही सोडून ठेवत. होयबांनी तो घरी नेला. शेजाऱ्यानं शिडी मागितली, हो. दुकानदारानं शिळा पाव गळ्यात मारला, हो. दंतवैद्यानं चांगला दात काढू का विचारलं तेव्हाही ते हो म्हणणारच होते. त्या वेळी तोंडात हत्यारं होती म्हणून वाचले. हॉटेलातल्या सोबत्यांनी ठेवलेलं ‘होयबा’ हे नाव निवृत्तीनंतरही त्यांना चिकटून राहिलं, कारण ‘असं म्हणू नका’ असं त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नाही.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. त्याच हॉटेलात बाई खोल्या झाडायला लागल्या होत्या. पुढे एका मजल्याची जबाबदारी आली, आणि मग सगळ्यात वरच्या मजल्यावर उतरणाऱ्या बड्या पाहुण्यांचं बटलरपण. ‘बाईमाणूस कुठे बटलर असतं का?’ असं म्हणणारा एक पाहुणा निघताना ‘तुम्ही आमच्या घरीच चला’ म्हणून हटून बसला होता. बाई गेल्या नाहीत, पण डोक्यात एक विचार घेऊन बसल्या. मोठ्या घरांना अशी माणसं हवी असतात आणि ती तयार करणारं कुणी नसतं. यथावकाश नोकरी सोडून त्यांनी स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर वर्ग काढला. कोट कसा धरायचा, बूट कसे चमकवायचे, दाराबाहेरून खोकायचं की टकटक करायचं, घरातल्या माणसाच्या मनातलं त्याच्याआधी कसं ओळखायचं आणि ओळखलंय हे कसं लपवायचं, सगळं तिथे शिकवलं जाई. शिकून झालं की ज्याला त्याला साजेसं घर बाईच शोधून देत. हे काम थेट लग्न जुळवण्यासारखं आहे, असं त्या म्हणत. फरक एवढाच, की इथे दोन्ही बाजूंना खरं सांगावं लागतं.

निवृत्त झाल्यावर होयबांनाही या वर्गात नोकरी लागली. ते साहेब झाले. जन्मभर दुसऱ्यांना साहेब म्हटलं आणि आता घरबसल्या साहेबपण पदरात पडलं, म्हणून सुरुवातीला ते खूश होते. शिकाऊ माणसं त्यांना कोट चढवत, उतरवत, पुन्हा चढवत. ऐन उकाड्यात सुद्धा. होयबा नको म्हणत नसत.

वर्गाची शेवटची परीक्षा खाली, त्यांच्या खऱ्या जेवणघरात व्हायची. साहेब आणि बाईसाहेब जेवायला बसायचे, परीक्षा देणाऱ्यानं वाढायचं, आणि मासा वाढून होतो न होतो तोच नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण लागायचं. हे भांडण बाईंनी स्वतः रचलेलं होतं आणि वर्षानुवर्षं त्यात काना-मात्रेचाही फरक पडला नव्हता. साहेबांची बहीण कायमची राहायला येणार, बाईसाहेबांना ते मान्य नाही, असा एकूण मामला. होयबांना बहीण नव्हती. पण या नसलेल्या नणंदेला बाई इतक्या मनापासून शिव्या घालत, की होयबांना कधीकधी तिची दया यायची. शेवटाकडे बाई म्हणायच्या, ‘ती आली तर मी या घरातून निघाले!’ आणि साहेबांनी नॅपकिन आपटून ओरडायचं, ‘जा! खुशाल जा!’

या गदारोळात वाढणाऱ्यानं काय करायचं, ही खरी परीक्षा. पळायचं नाही, कारण पळणं म्हणजे ऐकल्याची कबुली. थांबायचंही नाही. हातातलं काम पुरं करायचं, न्यायला काहीतरी साधं निमित्त शोधायचं आणि ते घेऊन बाहेर पडायचं. मग योग्य वेळी परत यायचं, अशा चेहऱ्यानं की भांडण झालंच नाही. ऐकायला सोपं आहे. एकजण मध्यस्थी करायला गेला होता, ‘बाईसाहेब, नणंदा अशाच असतात, घरोघरी मातीच्या चुली.’ एकीला रडू फुटलं आणि बाईंनाच तिला पाणी द्यावं लागलं. एका गृहस्थानं दोघांची बाजू ऐकून घेऊन निकाल दिला, तोही नणंदेच्या बाजूनं.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना बाईंना एक बोलावणं आलं. नुकतंच बांधून झालेलं एक फार मोठं घर होतं, दूरच्या शहरात. त्या घराच्या कारभाऱ्यानं फोन करून सांगितलं, की आम्हाला तुमची शिकवलेली माणसं नकोत, तुम्हीच या. सगळी नोकरमंडळी तुम्ही निवडा, तुम्ही घडवा, आणि दोन वर्षं घर तुमच्या हाताखाली चालू द्या. राहायचं तिथेच, आणि एकटीनं. घरची माणसं सोबत आणायची नाहीत. या शेवटच्या अटीवर बोलायची सोय नव्हती, कारण बाई स्वतःच आपल्या प्रत्येक शिष्याला हीच अट घालत आल्या होत्या.

खोल्या झाडण्यापासून सुरुवात केलेल्या बाईला याहून मोठं काय मिळणार? फोन ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते होयबांनी मुलगा झाला तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आजच. तो मुलगाही आता परमुलखात नोकरीला. म्हणजे घरात उरणार होयबा आणि वर्गातले कोटांचे रिकामे हँगर.

“अहो, जाऊ का मी?” बाईंनी विचारलं.

“अगं, हे काय विचारणं झालं? अवश्य जा!” होयबा म्हणाले. आवाज थेट रिसेप्शनवरचा. गोड, गोलसर, आणि आत काहीच नसलेला.

बाईंनी पुढच्या दिवसांत पुन्हा विचारलं, भांडी विसळताना. पुन्हा विचारलं, शर्टांना इस्त्री करताना. प्रत्येक वेळी होयबांच्या तोंडातून ‘अशी संधी पुन्हा येते का?’ बाहेर पडायचं. रात्र झाली की मनातल्या मनात ते पंचवीस प्रकारे नको म्हणायचे. सकाळी तोंड उघडलं की आतून रिसेप्शन बोलायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं होतं.

खरं सांगायचं तर होयबा घाबरले होते. एकट्यानं जेवण्याला नव्हे, स्वयंपाक त्यांना बरा जमत होता. दोन वर्षांत आपण दोघं किती उरू, याला ते घाबरले होते. हे बोलायचं कुणापाशी? जिच्यापाशी जन्मभर बोलले, तीच निघाली होती.

कारभाऱ्याला उत्तर द्यायचा दिवस आणि या खेपेच्या परीक्षेचा दिवस एकच आला. दुपारी परीक्षा, आणि संध्याकाळच्या चहाच्या सुमारास कारभाऱ्याचा फोन. त्याआधी काय ते बोललं पाहिजे, असं होयबांनी ठरवलं. सकाळी ते बाईंच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेले.

“अगं, ऐक ना.”

“बोला.”

“ते आजचं... म्हणजे तो फोन...”

“हं?”

“काही नाही. त्यांना माझाही नमस्कार सांग.”

बाईंनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि सुरी धार लावायला घेतली. होयबा बाहेर आले आणि कोट चढवून साहेब व्हायला बसले.

या वेळी परीक्षेला एक नाटकवाला होता. ऐन चाळिशीतला, उंच, भारदस्त आवाजाचा. नाटकांनी पोट भरेना म्हणून तो या वाटेला वळला होता आणि वर्गात सगळ्यांत हुशार निघाला होता. खोड एकच होती. तो बटलर होत नसे, बटलरची भूमिका करत असे. सूपचा वाडगा ठेवला की अर्धं पाऊल मागे सरून टाळ्यांची वाट बघितल्यासारखा उभा राहायचा. ‘अरे, तुझ्याकडे कुणी बघता कामा नये,’ असं बाई सांगून थकल्या होत्या. नटाला हे सांगणं म्हणजे माशाला कोरडं राहायला सांगणं.

जेवण सुरू झालं. नाटकवाल्यानं सूप आणलं, नेलं. मासा आणला. आज तो बऱ्यापैकी अदृश्य होता, म्हणून बाई मनातून खूश होत्या. त्यांनी ठरल्याप्रमाणे काटा खाली ठेवला.

“तुमच्या बहिणीचं पत्र आलंय म्हणे.”

“हो, आलंय,” साहेब म्हणाले.

गाडी रुळावर धावू लागली. नणंदेचा लोभीपणा झाला, तिची जीभ झाली, सासूबाईंच्या आजारपणात ती फिरकली नव्हती तेही झालं. बाईंचा आवाज चढत गेला. होयबांनी आपली वाक्यं चोख म्हटली. नाटकवाला बाजूच्या टेबलापाशी पाठमोरा उभा राहून लिंबाच्या फोडी लावत होता.

“सांगून ठेवते,” बाई कडाडल्या, “ती या घरात आली, तर मी निघाले!”

होयबांनी नॅपकिन हातात घेतला. तो आपटायचा होता. समोर बाई बसल्या होत्या, गाल रागानं लाल केलेले, नेहमीसारख्या. आणि होयबांच्या ध्यानात आलं, की आता आपल्याला हिला ‘जा’ म्हणायचंय. अवश्य जा, जरूर जा झालं, आता खुशाल जा. त्यांनी नॅपकिनची घडी घालून तो ताटाशेजारी ठेवला.

“नको जाऊस,” ते म्हणाले.

बाई थबकल्या. भांडणात हे वाक्य नव्हतं.

“नको जाऊस गं. तू नसताना मी या घरात काय करू? मला नाही जमणार. मला नकोय हे.”

लिंबाची फोड चिमट्यातून सुटून ताटलीत पडली. बाईंनी होयबांच्या डोळ्यांत पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि साहेबांच्या ‘खुशाल जा’नंतर येणारं आपलं ठरलेलं वाक्य म्हणून टाकलं, “ठीक आहे. मग बसा तुमच्या बहिणीला घेऊन.”

नाटकवाल्यानं फोडींची ताटली नीट ठेवली, पाण्याचा भरलेलाच जग उचलला आणि तो जणू रिकामा असावा तसा घेऊन बाहेर गेला. दार ओढून घेतलं, पण पुरतं लावलं नाही. सगळं पुस्तकातल्यासारखं. नंतर फळं घेऊन आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नणंद नव्हती की भांडण नव्हतं.

जेवण आटोपल्यावर बाईंनी त्याला बसवून घेतलं आणि उत्तीर्ण झाल्याचं सांगितलं. नाटकवाल्याला इतका आनंद झाला, की तो पुन्हा नट झाला. त्यानं होयबांचे दोन्ही हात धरले.

“साहेब, काय बोललात! ‘नको जाऊस गं!’ अंगावर काटा आला माझ्या. आमच्यात मोठमोठ्या नटांना असा आवाज लागत नाही हो. कुठे शिकलात?”

“छे, छे, कसलं काय,” होयबा पुटपुटले.

“चांगलंच केलं त्यांनी आज,” बाई कागद आवरत म्हणाल्या. “वाक्य बदललं, पण शोभलं.”

होयबांच्या मनातलं उरलंसुरलं त्या शब्दांनी विझलं. जन्मात पहिल्यांदा नको म्हटलं आणि त्याची वाहवा झाली. नाटकवाल्याला दारापर्यंत सोडून ते परत आले, तेव्हा बाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं. फोन टेबलावर होता. होयबा खुर्ची ओढून बसले. आता बोललं नाही तर मेल्यावर बोलायचं का, असं त्यांना वाटलं.

“मी दुपारी नाटक नाही केलं,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“पहिल्या शब्दाला कळलं.” बाई पाठमोऱ्याच होत्या. “इतकी वर्षं तुमचं नाटक बघतेय. तुम्हाला नाटक येत नाही.”

“मग वाहवा कसली करत होतीस?”

बाईंनी आच कमी केली. “साहेबाच्या तोंडून नको ते निघून गेलं, तर आपण ऐकलंच नाही असं दाखवायचं. म्हणजे त्याला लाजल्यासारखं होत नाही. हेच शिकवते ना मी? हात आपोआप तिकडे गेला. नंतर इतका राग आला स्वतःचा. माझा नवरा मला काहीतरी सांगतोय, आणि मी त्याच्यावर झाकण ठेवतेय.”

“मीही तेच केलं,” होयबा म्हणाले. “तू विचारत होतीस आणि मी तुला पाहुणीसारखी उत्तरं देत होतो.”

“म्हणून तर पुन्हा पुन्हा विचारत होते.” बाई वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज धारदार होता. “मला वाटायचं, माणूस कधीतरी खरं बोलेल. ‘जा’ म्हणा, पण मनापासून म्हणा. ते काउंटरवरचं ‘अवश्य’ घेऊन मी काय करू?”

“मग खरं सांगतो. जाऊ नकोस.”

“मला जायचंय.”

“कळतंय मला.”

“फार जायचंय. कळतंय का तुम्हाला, त्या घरात सगळं मी म्हणेन तसं होणार होतं. मी मोऱ्या घासल्यात हो दुसऱ्यांच्या!”

“सगळं कळतंय. तरी जाऊ नकोस.” होयबांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. “आपल्या वयाची दोन वर्षं तरुणांच्या दहा वर्षांएवढी असतात. ती मला कुणाला द्यायची नाहीत. त्या घराला नाही, कुणालाच नाही. हा स्वार्थ आहे माझा. असू दे.”

चहा उकळून वर आला आणि शेगडीवर सांडला, जे या घरात कधी झालं नव्हतं. दोघांपैकी कुणी उठलं नाही. मग फोन वाजला.

होयबांना वाटलं, ती उचलेल आणि हो म्हणेल, आणि ते तिचं बरोबर असेल. आपण सांगायचं ते सांगितलं. त्यांनी टेबलावरचा एक चमचा उगीच सरळ केला.

“नमस्कार,” बाई फोनवर म्हणाल्या. “हो, विचार केला. मला जमणार नाही.” पलीकडून कारभारी बराच वेळ बोलत राहिला. बाई ऐकत होत्या. “तुमचं सगळं मान्य आहे. अडचण पगाराचीही नाही आणि कामाचीही नाही. घरी नको म्हणतात. हो, एवढंच कारण. माणसं हवीत तर माझी चांगली माणसं देईन. मी नाही येणार.”

त्यांनी फोन ठेवला, शेगडी पुसली, फडकं पिळून वाळत घातलं. होयबांना त्यांची पाठ दिसत होती. ती जराशी वाकली होती. आता होयबांच्या ओठांवर सगळे जुने शब्द गर्दी करून आले. अगं, थांब, मी आपलं असंच म्हटलं. अवश्य जा, मी त्यांना उलट फोन करतो. काही थंड आणू का? एवढे शब्द पाठ होते आणि त्यांतला कुठलाही उच्चारला, की तिचा चेहरा पुन्हा तसा उजळला असता. होयबांनी दात आवळले आणि ते सगळे गिळले. नको म्हणणं एवढ्यासाठी अवघड असतं, हे त्यांना आज कळलं. म्हणायला एक क्षण लागतो, नंतर त्याच्याजवळ बसून राहावं लागतं.

बाईंनी उरलेला चहा दोन कपांत ओतला. एक कप होयबांपुढे ठेवला, इतक्या जोरात की बशीत सांडला.

“मी तुमच्यावर चिडलेय,” त्या म्हणाल्या.

“चीड.”

“साधीसुधी नाही. बरेच दिवस चिडून राहणार आहे. समजूत काढायला येऊ नका.”

“नाही येणार,” होयबा म्हणाले.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या त्यांच्या शेजारी बसल्या, खिडकीकडे तोंड करून. होयबांनी बशीतला चहा कपात ओतला. रिसेप्शनवर त्यांनी चिडलेली माणसं ढिगानं पाहिली होती. सामान उचलायचं, दार ढकलायचं आणि निघून जायचं, ही त्यांची रीत. ही चिडली होती आणि इथेच बसली होती.